जुन्या व पुनर्वापरित कागदातून दिवाळीची चिकटचित्रे : साहित्य, तंत्र आणि जतनाचा विवेक

सारांश

दिवाळीच्या निमित्ताने घराघरांतून आणि महाविद्यालयांतून मोठ्या प्रमाणावर जुना कागद बाहेर पडतो. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, पंचांगे, दिवाळी अंक व वापरलेल्या वह्या यांपासून भेटकार्डे, तोरणे व आकाशकंदील तयार करण्याचा उपक्रम आज अनेक महाविद्यालये राबवीत आहेत. प्रस्तुत लेखात या कलाप्रकाराची पूर्वपीठिका, कागदाचा स्वभाव आणि प्रत्यक्ष कृती यांचे विवेचन केले असून, कोणता जुना कागद कापावा व कोणता कापू नये, या दुर्लक्षित प्रश्नाची पळस्पे परिसरातील एका अनुभवाच्या आधारे चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : चिकटचित्र, कोलाज, पुनर्वापरित कागद, आकाशकंदील, मोडी कागदपत्रे, खळ

१. प्रस्तावना

मुंबई-पुणे महामार्गावरून गोव्याकडे जाणारा महामार्ग जेथे फुटतो, ते पळस्पे हे पनवेल तालुक्यातील गाव प्रवाशांना ‘पळस्पे फाटा’ म्हणून परिचित आहे. पेणहून निघालेल्या गणेशमूर्ती याच फाट्यावरून मुंबईकडे जातात. सणाचे साहित्य ये-जा करण्याच्या या वाटेवर दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात रंगीबेरंगी कंदिलांच्या माळा टांगलेल्या दिसतात. त्यांतील बहुतेक कंदील प्लॅस्टिकचे व एका वर्षाच्या वापराचे असतात. त्याच पंधरवड्यात घरोघरी साफसफाई होते आणि माळ्यावरचा, ट्रंकेतला जुना कागद किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जातो. एका बाजूने सजावट विकत येते व दुसऱ्या बाजूने सजावटीचे उत्तम साहित्य घराबाहेर जाते, ही विसंगती प्रस्तुत लेखनाचे प्रेरणास्थान आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोल यांच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. त्यानंतर उत्सवी सजावटीत कागदाला पुन्हा महत्त्व प्राप्त झाले. तथापि कागद पर्यावरणस्नेही आहे, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. कागद ही वस्तू आहे, तसेच ते लेखनाचे माध्यमही आहे. त्याच्या या दुहेरी स्वरूपामुळे जुन्या कागदाचा कलेसाठी वापर करताना हाताच्या कौशल्याबरोबरच विवेकाचीही गरज भासते.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) चिकटचित्र या कलाप्रकाराचा संक्षिप्त परिचय करून देणे.
(२) महाराष्ट्रात उपलब्ध असणाऱ्या जुन्या छापील कागदाचे स्वरूप समजावून घेणे.
(३) कागदाच्या गुणधर्मांनुसार सणाची चिकटचित्रे करण्याची पद्धती विशद करणे.
(४) जुना कागद कापण्यापूर्वी पाळावयाच्या निकषांची मांडणी करणे.

३. संकल्पना व पूर्वपीठिका

कोलाज हा शब्द ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. मराठीत त्यास चिकटचित्र असा अन्वर्थक शब्द रूढ असून शालेय कार्यानुभवाच्या तासिकेमुळे तो सर्वपरिचित आहे. आधुनिक कलेच्या इतिहासात कोलाजचा प्रारंभ १९१२ या वर्षी मानला जातो. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटवले आणि ब्राकने लाकडाचा आभास निर्माण करणारा छापील कागद कोळशाच्या रेखाटनात वापरला. बाहेरच्या जगातील वस्तू आपल्या मूळ ओळखीसह चित्रात प्रवेश करू लागली, हे या घटनेचे महत्त्व होय.

परंतु कागद कापून चिकटवण्याची कला त्यापूर्वीही अस्तित्वात होती. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या महिलेने १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाच्या बारीक तुकड्यांतून वनस्पतींची चित्रे साकारण्यास आरंभ केला आणि पुढील दहा वर्षांत सुमारे एक हजार चित्रे पूर्ण केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेली आहेत. भारतात बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९५७ च्या सुमारास दृष्टी गमावल्यानंतर रंगीत कागदाच्या आकारांतून चित्रनिर्मिती चालू ठेवली. स्पर्श व स्मृती यांच्या बळावर चित्र रचता येते, हे त्यांच्या कामाने सिद्ध केले.

आपल्या घरांतील परंपराही या संदर्भात लक्षात घेणे आवश्यक आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. तो पुढे बोरघाटापलीकडे, लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी अनेक घरांत पोहोचल्या आणि त्यांतील कित्येकींवर घरच्या स्त्रियांनी जर, कापड व टिकल्या चिकटवून देवीला प्रत्यक्ष वस्त्रालंकार चढवले. छापील चित्रावर दुसरे साहित्य चिकटवून त्याला सणाचे रूप देणे हे चिकटचित्रच होय. त्या स्त्रियांनी त्यास कला म्हटले नाही, इतकेच.

४. महाराष्ट्रातील जुना छापील कागद

सजावटीच्या दृष्टीने उपयुक्त ठरणाऱ्या जुन्या कागदाचे स्थूलमानाने पुढील प्रकार करता येतील.

(अ) पंचांगे व दिनदर्शिका : मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८४१ मध्ये मराठी पंचांग छापले, तेव्हापासून पंचांग ही घरातील नित्याची छापील वस्तू झाली. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ने भिंतीवरील दिनदर्शिकेस नवे रूप दिले. तिथी-वारांचे रकाने, मोठे लाल-काळे अंक आणि पंचांगातील कोष्टके यांची एक स्वाभाविक नक्षी असते. ती पणतीच्या किंवा तोरणाच्या आकारात कापली असता पार्श्वभूमी म्हणून उठून दिसते.

(आ) दिवाळी अंक : का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या परंपरेचा पाया घातला. दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी पुढील पिढ्यांच्या मनातील दिवाळीचे चित्रच घडवले. दलालांनी १९४५ मध्ये सुरू केलेला ‘दीपावली’ हा त्याचा ठळक नमुना होय. हे अंक रंगांच्या दृष्टीने जितके मोहक, तितकेच संग्रहाच्या दृष्टीने मौल्यवान आहेत. यासंबंधीचा विचार पुढे केला आहे.

(इ) लग्नपत्रिका व निमंत्रणे : जाड, एका बाजूने छापलेल्या, अनेकदा सोनेरी ठशाच्या या पत्रिका चिकटचित्रासाठी सर्वोत्तम ठरतात. त्यांवर गणपतीचे चित्र असल्यामुळे व हळदकुंकू लागलेले असल्यामुळे त्या कचऱ्यात टाकण्यास घरातील ज्येष्ठांचे मन धजावत नाही. अशा पत्रिका वर्षानुवर्षे साठत राहतात. त्यांना पुन्हा सणाच्याच कामी आणणे ही कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या संस्काराशी सुसंगत अशी वाट आहे.

(ई) महाविद्यालयीन कागद : एका बाजूने कोरे राहिलेले परिपत्रक, जुनी माहितीपत्रके, भित्तिपत्रके, वापरून संपलेल्या वह्या. यांतील साधा कागद लगदा करून नवा कागद बनवण्यास उपयोगी पडतो. उत्तरपत्रिका व विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती असलेले कागद मात्र या कामातून कटाक्षाने वगळावेत.

५. कागदाचा स्वभाव

चिकटचित्र बिघडते ते बहुधा कागदाचा स्वभाव न ओळखल्यामुळे. यासंबंधी चार बाबी महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब टिकाऊपणाची. पूर्वीचा जुन्नरी व दौलताबादी हातकागद चिंध्यांसारख्या लांब तंतूंच्या साहित्यापासून बनत असे. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचे दप्तर आजही हाताळता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद प्रचारात आला. त्यातील लिग्निन हा घटक प्रकाशाने पिवळा पडतो व तुरटीयुक्त प्रक्रियेमुळे राहिलेली आम्लता तंतूंना ठिसूळ करते. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र घडीवर तुटते. असा कागद चित्रात वापरल्यास तो लवकरच तपकिरी होणार, हे गृहीत धरूनच रंगयोजना करावी.

दुसरी बाब तंतूंच्या दिशेची. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू प्रामुख्याने एका दिशेने बसतात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते व दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, हा त्याचाच परिणाम. ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो आणि वाळताना आकसतो. तळाचा पुठ्ठा व वरचा कागद यांचे तंतू एकाच दिशेने ठेवल्यास चित्र कमी वाकते. हातकागदात तंतू सर्व दिशांनी विखुरलेले असल्याने तळासाठी तो अधिक विश्वासार्ह ठरतो. पुण्यातील हातकागद संस्थेने १९४० पासून जो व्यवसाय जिवंत ठेवला, त्याचे हे व्यावहारिक मूल्य आहे.

तिसरी बाब पारदर्शकतेची. भेटकार्डावर कागदाची एकच बाजू दिसते. आकाशकंदिलात आतून प्रकाश येत असल्याने मागची छपाईही दिसू लागते आणि दिवसा देखणे वाटणारे चित्र रात्री गिचमिड होते. कंदिलासाठी एका बाजूने छापलेला कागद किंवा पतंगी कागदच निवडावा व प्रत्येक तुकडा चिकटवण्यापूर्वी दिव्यासमोर धरून पाहावा.

चौथी बाब चिकटद्रव्याची. आपल्याकडे परंपरेने खळ वापरली जाते. कृत्रिम गोंद पक्का बसतो, परंतु त्याने चिकटवलेला कागद पुढे सुटा करणे जवळजवळ अशक्य असते. खळीने चिकटवलेला कागद ओल देऊन सोडवता येतो. हा फरक वरवर किरकोळ भासतो. त्याचे महत्त्व पुढील अनुभवातून स्पष्ट होईल.

६. प्रत्यक्ष कृती

६.१ पुनर्वापरित तळकागद : छपाई कमी असलेल्या कागदाचे लहान तुकडे करून एक दिवस पाण्यात भिजत ठेवावेत. नंतर भरपूर पाणी घालून मिक्सरमधून लगदा काढावा. पसरट भांड्यात हा पातळ लगदा घेऊन लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी त्यात तिरकी बुडवून आडवी उचलावी. पाणी निथळल्यावर जाळी जुन्या सुती कापडावर उपडी करून थर उतरवावा, वर दुसरे कापड ठेवून दाब द्यावा व सावलीत वाळवावा. शाई पसरू नये म्हणून वाळलेल्या कागदावर पातळ खळीचा एक हात द्यावा आणि गुळगुळीत दगडाने किंवा वाटीच्या बुडाने घोटावे. शाळेत वापरल्या जाणाऱ्या ‘घोटीव कागद’ या नावात ही जुनी क्रिया अद्याप टिकून आहे. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या किंवा हळद मिसळल्यास सणास साजेसा रंग येतो. मात्र हे रंग उन्हात टिकत नाहीत.

६.२ खळ : एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावा, त्यात चार ते पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. कसर लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी असल्याने विद्यार्थ्यांच्या कामात वापरू नये. त्याऐवजी खळ रोज ताजी करावी.

६.३ रचना : सर्व तुकडे प्रथम न चिकटवता मांडून पाहावेत. फाटलेली कड मऊ व कापलेली कड धारदार दिसते. पणतीची ज्योत फाटलेल्या कागदाची व पणतीचा घाट कापलेल्या कागदाचा, असा विचार केल्यास दोन्ही कडांचा उपयोग होतो. पार्श्वभूमीस फिकट छपाईचा, मध्यभागी एकरंगी व सर्वांत वर सोनेरी ठशाचा कागद अशी चढती मांडणी नवशिक्यांना सोयीची जाते.

६.४ चिकटवणे : मोठा तुकडा लावताना त्याच्या मागील बाजूस खळ लावून एक-दोन मिनिटे थांबावे, म्हणजे कागद पूर्ण पसरतो व नंतर फुगे येत नाहीत. मध्यापासून कडेकडे मऊ कापडाने दाबत जावे. पुठ्ठा वाकू नये म्हणून त्याच्या मागील बाजूसही तेवढ्याच आकाराचा साधा कागद चिकटवावा आणि चित्र कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वजनाखाली एक रात्र वाळवावे.

६.५ आकाशकंदील : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधून त्यावर पतंगी कागद ताणावा व त्यावर चिकटचित्राचे विरळ तुकडे लावावेत. झिरमिळ्यांसाठी दिनदर्शिकेच्या पट्ट्या वापरता येतात. आत केवळ कमी उष्णतेचा एलईडी दिवाच लावावा, तारांचे जोड उघडे ठेवू नयेत व दिवा कागदापासून दूर राहील अशी योजना करावी. वसई वा गोव्याकडील नाताळच्या ताऱ्यासही हीच पद्धती लागू पडते.

७. एक अनुभव

प्रस्तुत लेखिकेने महाविद्यालयात दिवाळीपूर्वी अशी एक कार्यशाळा घेतली. सूचनाफलकावर ‘घरातील जुना कागद घेऊन यावा’ एवढेच लिहिले होते. पळस्पे परिसरातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने साफसफाईत निघालेले फडक्यात बांधलेले एक गाठोडे आणले. त्यात पत्रिका होत्या, पंचांगे होती आणि लांब, जाडसर, तपकिरी झालेले काही कागद होते. त्यांवरील वळणदार अक्षरे कोणासही वाचता आली नाहीत, परंतु नक्षी म्हणून ती सर्वांनाच आवडली. लेखिकेच्या लक्षात येईपर्यंत दोन कागद पाकळ्यांच्या आकारात कापले गेले होते. ती मोडी लिपी होती.

मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांना ते कागद दाखवले असता, उरलेल्या मजकुरावरून ते जमिनीच्या गहाणासंबंधीचे असल्याचे समजले. खळीने चिकटवलेल्या पाकळ्या ओलसर कापडाच्या साहाय्याने सुटल्या. काही अक्षरे पुसट झाली तरी मजकूर जुळला. मात्र एका विद्यार्थ्याने घाईत कृत्रिम गोंद वापरला होता. तो तुकडा सोडवताना कागदाचा वरचा थर निघून गेला. नेमकी मिती त्याच तुकड्यावर होती.

विद्यार्थिनीच्या आजींकडे हे सांगण्यासाठी जावे लागले. त्यांनी दोष दिला नाही. कागदावर काय लिहिले होते ते मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, कारण त्या गाठोड्यात काय आहे हे त्यांच्या हयातीत त्यांना कोणी वाचून दाखवले नव्हते. चूक विद्यार्थ्यांची नव्हती. ‘जुना’ या शब्दाचा अर्थ न सांगणारी सूचना लेखिकेचीच होती.

पनवेल तालुक्यात या चुकीचे मोल अधिक आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून या पट्ट्यात भूसंपादन, वारसा व मोबदला यांचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. पूर्वजांचे नाव असलेला एखादा कागद कुटुंबाला पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरू शकतो. २०२३ पासून राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी कागदपत्रांकडे पाहण्याची दृष्टी अनेक घरांत बदलली. पूर्वी अडगळ समजले जाणारे गाठोडे आज जपून ठेवले जाते. तथापि जेथे मोडी वाचणारे कोणी उरले नाही, तेथे ते रद्दीत जाण्याचा धोका कायम आहे.

८. कापण्यापूर्वीचे निकष

उपरोक्त अनुभवानंतर कार्यशाळेसाठी पुढील निकष निश्चित करण्यात आले :

(१) हस्तलिखित कागद कापू नये. लिपी वाचता येत नसेल तर मुळीच कापू नये. पंचांगाच्या समासात जन्म, मृत्यू वा व्यवहाराच्या नोंदी केलेल्या असतात. म्हणून छापील पानेही दोन्ही बाजूंनी तपासावीत.

(२) शिक्का, तिकीट वा सही असलेला कागद बाजूला ठेवावा.

(३) स्वातंत्र्यपूर्व काळातील छापील मजकूर आणि जुने दिवाळी अंक प्रथम ग्रंथपालांस दाखवावेत. एखाद्या ग्रंथालयातील अपुरा संच त्या अंकाने पूर्ण होऊ शकतो.

(४) जुने चित्र हवेच असल्यास मूळ प्रत न कापता तिची रंगीत छायाप्रत वापरावी. त्यामुळे मूळ सुरक्षित राहते आणि चिकटचित्रातील कागदही ठिसूळ नसतो.

(५) स्वामित्वहक्काचे भान ठेवावे. १९५७ च्या कायद्यानुसार कलाकृतीवरील हक्क सामान्यतः कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे मुक्तपणे वापरता येतात. १९७१ मध्ये निवर्तलेल्या दलालांच्या चित्रांबाबत ही मुदत अद्याप संपलेली नाही. विक्रीसाठी कार्डे करताना हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

(६) देवतांची चित्रे वापरताना चेहरा कापला जाणार नाही व चित्र पायदळी येणाऱ्या वस्तूवर लागणार नाही, याची काळजी घ्यावी.

(७) कागद ज्यांच्या घरातून आला, त्या घरातील ज्येष्ठांची संमती घ्यावी. ही अट औपचारिक वाटली तरी तिच्यामुळेच अनेकदा कागदामागची हकिगत कळते.

९. अध्यापनातील उपयोजन

सदर उपक्रम केवळ ललितकलेपुरता मर्यादित राहत नाही. कागदाची आम्लता व चिकटद्रव्ये यांचा अभ्यास रसायनशास्त्र विभागास, मोडी व छपाईचा इतिहास हा इतिहास विभागास, दिवाळी अंकांची परंपरा मराठी विभागास आणि रद्दीची साखळी वाणिज्य विभागास विषय पुरवते. ग्रंथालयातील निर्लेखित ग्रंथ रद्दीत देण्यापूर्वी उपरोक्त निकष लावल्यास ग्रंथपाल व प्राध्यापक यांच्यात सहकार्य घडून येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अपेक्षिलेला आंतरविद्याशाखीय व कौशल्याधारित दृष्टिकोन यातून अल्प खर्चात साधता येतो. मात्र असा उपक्रम नॅकच्या अहवालातील छायाचित्रांपुरता उरू नये. कापण्यापूर्वी वाचणे हा त्याचा गाभा आहे, तो सुटला तर उरते ती केवळ कात्री.

१०. निष्कर्ष

(१) चिकटचित्र ही आयात केलेली कल्पना नसून तसबिरींना वस्त्रालंकार चढवण्याच्या परंपरेतून ती महाराष्ट्रातील घरांना पूर्वीपासून परिचित आहे.

(२) कागदाचा टिकाऊपणा, तंतूंची दिशा, पारदर्शकता व चिकटद्रव्य यांची जाण असल्यास अल्प खर्चात टिकाऊ सजावट करता येते.

(३) खळीसारखे सोडवता येणारे चिकटद्रव्य वापरणे हे तंत्र तर आहेच, शिवाय झालेली चूक दुरुस्त करण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते.

(४) पुनर्वापराचा आग्रह धरताना दस्तऐवजांच्या जतनाचा विचार अनिवार्य आहे. नागरीकरणामुळे वेगाने बदलणाऱ्या पनवेलसारख्या तालुक्यात त्याची निकड अधिक आहे.

कार्यशाळेत तयार झालेला कंदील त्या वर्षी त्या विद्यार्थिनीच्या ओटीवर लागला. त्यावर मोडी अक्षरांच्या पाकळ्या होत्या, परंतु त्या छायाप्रतीच्या होत्या. मूळ कागद स्वच्छ सुती कापडात बांधून, सोबत देवनागरी लिप्यंतर ठेवून आजींच्या स्वाधीन करण्यात आले. पुढील वर्षीच्या सूचनाफलकावर मजकूर बदललेला होता : घरातील जुना कागद आणावा, परंतु आणण्यापूर्वी तो घरातील ज्येष्ठांकडून वाचून घ्यावा.